वाचकांचे सवाल : जाडं, तिरपं अन् बिनशेपटीचं अक्षर

मागच्या अंकात दोनच ओळी टाकल्या होत्या, की फ्लेक्सवर, जर्सीवर, ट्रॉलीवर जे जाडं तिरपं अक्षर दिसतं, कॉम्प्युटरवाले ज्याला बोल्ड इटालिक सॅन्स सेरिफ म्हणतात, त्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं चारपाच जण विचारतील. इतके मेसेज आले की निवडता निवडता डोकं दुखलं. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त तालुका.

एक सांगून ठेवतो म्हणजे पुढं घोळ नको. इंग्रजी अक्षरांच्या टोकाला ज्या बारक्या शेपट्या असतात त्या सेरिफ, आणि शेपट्या नाहीत ते सॅन्स सेरिफ. डिस्प्ले म्हणजे मोठ्या साईजसाठी, लांबून वाचायसाठी काढलेलं अक्षर. बास.

भाऊ, आमच्या गावच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, फ्लेक्स मी मोबाईलवर पाहून पास केला, तवा एकदम भारी दिसत होता. चौकात लागला तर पोट्टे हसून राहिले की 'शकंरपट' काहून लिहिलं बे. मी तर बरोबर टाईप करून पाठवलं होतं, अजूनही मेसेज दाखवतो. चूक कोणाची? (ता. साकोली)

चूक टायपिंगची नाही, ओढाताणीची आहे. मी स्वतः बरीच वर्षं 'कोरल ड्रॉ' या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर बसलोय आणि हाच गुन्हा केलाय म्हणून सांगतो. फ्लेक्सवाल्याकडे देवनागरीचा खरा इटालिक फॉन्ट नसणार, बहुतेकांकडे नसतोच. मग त्यानं सरळ जाडा फॉन्ट घेतला, कंट्रोल क्यू मारून अक्षराचं कर्व्ह, म्हणजे नुसतं चित्र, केलं, त्याच्यावर परत एकदा क्लिक केलं की कडेला बाण येतात, त्यातला वरचा बाण धरला आणि उजवीकडे ओढला. याला स्क्यू म्हणतात. तुम्ही 'अजून थोडं पळतं वाटू द्या' असा व्हॉईस मेसेज टाकला असेल (टाकलाच असेल, शंकरपटाचा फ्लेक्स आहे), तर त्यानं अजून ओढला.

आता 'शं' डोळ्यापुढे आणा. टिंब 'श'च्या उभ्या दांडीच्या डोक्यावर, म्हणजे अक्षराच्या पार उजव्या कडेला असतं. अक्षर ओढलं की जे जितकं वर ते तितकं उजवीकडे सरकतं. दहा अंशाला काही बिघडत नाही, टिंब आपल्या घरीच राहतं. वीस-पंचवीस अंशाला ते शेजाऱ्याच्या, म्हणजे 'क'च्या ओट्यावर जाऊन बसतं. त्यात फ्लेक्सवाल्यानं जागा पुरावी म्हणून अक्षरं दाबून जवळ आणली असतील तर झालंच 'शकंरपट'. 'विदर्भ' लिहून पाहा, 'भ'वरचा रफार शब्दाच्या बाहेर लोंबतो आणि पुढच्या शब्दाचा वाटतो. आणि उकार उलटा जातो, खाली असल्यामुळे डावीकडे.

इंग्रजीत हे का चालतं आणि आपल्यात का फसतं, यात गंमत आहे. इंग्रजीवाल्यांचं इटालिक हे ओढून काढलेलं अक्षर नव्हतंच. व्हेनिसमध्ये आल्डस मानुटिअस नावाचा छापखानेवाला होता, त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं ते टाईप कोरले आणि १५०१ साली त्यात व्हर्जिल या जुन्या रोमन कवीच्या कवितांचं हातात मावेल एवढं पुस्तक निघालं. तेव्हाच्या शिकलेल्या लोकांचं भरभर लिहिलेलं हस्ताक्षर होतं त्याची ती नक्कल, आणि त्यातही कॅपिटल अक्षरं उभीच ठेवली होती, फक्त लहान अक्षरं तिरपी. एखाद्या शब्दावर जोर द्यायला इटालिक वापरायची पद्धत नंतरची. बिनशेपटीचं टाईप तर त्याच्या तीनशे वर्षांनी आलं, १८१६ च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथ्याच्या नमुन्यात, नुसती कॅपिटल अक्षरं. म्हणजे जाडं, तिरपं आणि बिनशेपटीचं हे तिन्ही एका दिवशी जन्मलेले नाहीत, नंतर एकत्र बसवले. बिनशेपटीच्या फॉन्टचं तिरपं रूप बरंचसं उभ्याच अक्षराला कलवून केलेलं असतं, पण चांगला काढणारा कलवल्यावर बसून वळणं दुरुस्त करतो. तो बसून दुरुस्त करायचा भाग आपला फ्लेक्सवाला करत नाही, कारण रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि मागं अजून चार वाढदिवस पडलेले असतात.

आपल्याकडे धावतं लिहायचं तर मोडी होती. देवनागरी म्हणजे बाळबोध, उभी, सावकाश लिहायची. दोन वेगळ्या लिप्याच होत्या, मोडी ही काही बाळबोधीचं इटालिक नव्हतं. त्यामुळे आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार यांना तिरपं राहायची सवयच नाही बाप्पा.

पुढच्या वर्षी काय करा. फ्लेक्सवाल्याला सांगा की दहा अंशाच्या वर जाऊ नको, आणि कर्व्ह केल्यावर टिंबं, रफार, उकार हातानं उचलून जागेवर ठेव. दोन मिनिटाचं काम आहे. आणि मोबाईलवर पास करताना बोटानं मोठं करून एकेक अक्षर वाचा. मोबाईलवर सगळंच भारी दिसते.

आमची पोरींची कबड्डी टीम आहे. जर्सीवर मागं नंबर जाड्या इटालिकमध्ये घेतले, टीव्हीवरच्या टीमसारखे. तालुक्याच्या मॅचमध्ये पंचानं ६ नंबरच्या पोरीला बाद द्यायच्या ऐवजी ८ नंबरला बाद दिलं, लय भांडण झालं. नंबर बदलायला पैसे नाहीत. काय करावं? (ता. ब्रह्मपुरी)

मॅडम, पंचाला एकदम दोष देऊ नका. जर्सीवर तुम्ही इंग्रजी आकडे टाकले असणार, आणि त्यातले सहा, आठ, नऊ, तीन हे सगळे एका घरचे भाऊ आहेत. यांच्यात फरक कशानं कळतो तर पोटातल्या पोकळीनं. सहाला एक पोकळी आणि वर एक उघडं तोंड, आठला दोन पोकळ्या. फॉन्टमध्ये खरं बोल्ड असलं तर काढणारानं पोकळी सांभाळलेली असते, बाहेरून जाडी वाढवतो आणि आतलं भोक जपतो. पण दुकानदारानं साध्या आकड्याला त्याच रंगाची जाडी आऊटलाईन मारली की ती आतही वाढते आणि बाहेरही. सहाचं तोंड मिटलं, की झाला आठ. वरून घामानं चिकटलेली जर्सी आणि पोरगी पळून राहिली.

पैसे नसतील तर नंबर काढू नका. बारीक कात्रीनं किंवा ब्लेडनं व्हिनाईलचा, म्हणजे चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या आकड्याचा, आतला काठ कापता येतो का ते एका जर्सीवर करून पाहा, सहाचं तोंड करंगळी जाईल एवढं उघडलं तरी पुरे. प्रेसनं चिकटवलेलं व्हिनाईल असेल तरच, सब्लिमेशनचं म्हणजे कापडातच छापलेलं असेल तर हे जमत नाही, मग शिल्लक जर्सी असेल तर ६ वालीला २ किंवा ५ नंबरची द्या. पुढच्या वेळी दुकानात एकच काम करा : सगळ्या नंबरचा प्रिंट काढायला लावा, भिंतीला लावा, वीस पावलं मागं जा आणि डोळे थोडे बारीक करून पाहा. जो नंबर दुसऱ्यासारखा दिसला तो बाद.

तिरपं मात्र ठेवा. पळणाऱ्याच्या पाठीवर ते शोभते. या अक्षराची खरी जागा तीच आहे, धावणाऱ्या गोष्टीवर, एकदोन शब्द किंवा एक आकडा.

मी ब्रशनं बोर्ड रंगवणारा माणूस. वय ५८. फ्लेक्स आले तसे काम गेले, पण आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि दुकानाच्या शटरवर लोक पुन्हा हातानं लिहून मागतात, आणि सगळ्यांना ते पळतं जाडं अक्षर पाहिजे. माझा हात उभ्या अक्षराचा. तिरपं काढतो तर प्रत्येक अक्षर वेगळ्या दिशेनं पडतं. (ता. दर्यापूर)

काका, तुमचं पत्र वाचून माझा जुना डबा आठवला, टर्पेंटाईनचा वास येणारा. मीही आधी ब्रशवालाच, कोरल नंतर. तुमच्यासारख्यांना मी काय शिकवू, पण माझ्या उस्तादानं मला जे दाखवलं ते जसंच्या तसं लिहितो.

आडव्या दोन दोऱ्या तर तुम्ही मारताच, नीळ लावून. तिरप्या अक्षराला उभ्या दोऱ्याही मारायच्या, पण कलत्या. हिशोब सोपा : फुटाला अडीच इंच. म्हणजे अक्षर एक फूट उंच असेल तर खालच्या रेषेवर एक खूण करा, त्याच्या बरोबर वर जी जागा येते तिथून उजवीकडे अडीच इंच मोजून वरच्या रेषेवर दुसरी खूण, आणि दोन्हीतून दोरी उडवा. हे साडेअकरा-बारा अंश भरतं. त्याच्यापेक्षा जास्त नको, दोन इंचही चालते. मग पट्टी ठेवून दर सहा इंचावर तशाच रेषा मारत जा, पूर्ण शटरभर. अक्षर येवो न येवो, रेषा पाहिजेत. 'ट', 'ठ', 'ड', 'ह' यांना पूर्ण उभी दांडी नसते ना, तिथेच हात चुकतो. दांडीवाल्या अक्षरात दांडी सांभाळून घेते, गोल अक्षरात शेजारची रेषाच सांभाळते.

शिरोरेघ आडवीच ठेवायची. काही पोट्टे अख्खी ओळच चढती लिहितात आणि त्याला इटालिक म्हणतात, ते इटालिक नाही, ती चढती ओळ. दोन्ही वेगळं. ट्रॉलीच्या फाळक्यावर तर चढती ओळ काढूच नका, फाळका आधीच ठोकर खाऊन वाकडा असतो, त्याच्यावर चढती ओळ म्हणजे ट्रॉली पलटी होऊन राहिली असं वाटतं.

ब्रश चपटा घ्या, एक इंची, आणि या कामात जाडबारीक करू नका. बोरूच्या अक्षरात जाडबारीक येतं ते टोकाच्या कापामुळे, आणि आपला बोरू इंग्रजी पेनाच्या उलट बाजूनं कापलेला असतो, म्हणून आपलं जाड जिथं पडतं तिथं त्यांचं बारीक पडतं. दोन्ही डोक्यात ठेवून तिरपं काढायला गेलं की गडबड. पळत्या अक्षरात जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी धरा, फक्त आडव्या रेघा उभ्यापेक्षा किंचित पातळ, म्हणजे इंचाची उभी असेल तर पाऊण इंचाच्या वरची आडवी. सारखी धरली तर आडवी जास्त जाड दिसते, डोळा फसवतो. शेवटी टोकं कापताना वरची-खालची आडवी कापा, गोल नको.

सावली मारायची असेल तर डावीकडे खाली मारा. अक्षर उजवीकडे झुकलंय, सावली मागं राहिली की ते अजून पळतं. उजवीकडे मारली तर तेच अक्षर ब्रेक मारल्यासारखं दिसते, करून पाहा.

पैसे अक्षरावर घ्या काका, बोर्डावर नाही.

आमचा बायकांचा बचत गट आहे, जवसाची चटणी आणि अंबाडीचं सरबत करतो. लेबल एका पोरानं फुकटात करून दिलं. सगळंच जाड्या तिरप्या अक्षरात आहे, पार घटकपदार्थ आणि तारीखसुद्धा. प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, यात मीठ आहे का, आणि आमच्यातल्या कोणालाच लेबलवर ते सापडेना. आणि फॉन्ट फुकट वापरला तर पुढे कोणी पैसे मागंल का? (ता. आर्वी)

ताई, पोरानं फुकटात करून दिलं म्हणून शिव्या देत नाही. पण डिस्प्ले अक्षर हे ढोलासारखं असते, ते कानाशी वाजवायचं नाही. लेबलावर 'जवस चटणी' हे दोन शब्द मोठे, जाडे ठेवा. तिरपे कशाला? चटणी कुठं पळून राहिली? सरबताला एकवेळ चालेल, उन्हाळ्यात प्यायला माणूस पळतच येतो. बाकी घटक, वजन, तारीख, किंमत, लायसन्स नंबर, हे सगळं उभ्या साध्या अक्षरात, आणि ओळींमध्ये जागा सोडून.

फॉन्ट सांगतो. बारीक मजकुराला 'मुक्त', मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा, सात वजनांत म्हणजे सात जाडींत येतो, बारीक साईजलाही स्वच्छ वाचता येतो. त्याला इटालिक नाही, आणि लागतही नाही. नावाला गोलमटोल हवं असेल तर त्यांचाच 'बालू' आहे, चटणीला तो मला फार आवडतो, अंगानं भरलेला आहे. आणि खरंच तिरपं पाहिजे असेल तर इंडियन टाईप फाउंड्रीचा 'पॉपिन्स' घ्या, त्यात नऊ वजनं आणि प्रत्येकाचं तिरपं रूप वेगळं दिलेलं, देवनागरीसुद्धा. म्हणजे ओढाताण नाही, काढणाऱ्यानं आधीच करून ठेवलंय.

पैशाचं म्हणाल तर हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. लेबलावर छापा, बॅनरवर छापा, माल विका, कोणाला काही द्यायचं नाही. फक्त तो फॉन्टच एकटा विकायचा नाही. त्या पोराला विचारा त्यानं कोणता वापरला. कोणाच्या पेनड्राईव्हमधून आलेला, नाव बदललेला फॉन्ट असेल तर आत्ताच बदलून घ्या, माल वाढल्यावर नको.

लेबलची एक प्रिंट काढून चुलीपाशी न्या आणि तिथल्या उजेडात तुमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला वाचायला द्या. चष्म्याशिवाय. 'मीठ' सापडलं की छापायला टाका.

ट्रॅक्टरचा नंबर रेडियमवाल्याकडून स्टायलिश तिरप्या अक्षरात करून घेतला तर चालते का? (ता. पुसद)

नाही. नंबरप्लेटचं अक्षर केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमात ठरलेलं आहे, उंची, जाडी, मधली जागा सगळं मिलिमीटरमध्ये. नक्षीकाम चालत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना तर कंपनीकडूनच उठावाची प्लेट येते. हौस असेल तर बोनेटवर पोराचं नाव लिहा.

गॅरेजचा बोर्ड केला. इंग्रजी नाव मोठं, जाडं इटालिक, लाल, आणि खाली मराठी बारीक. कोणीतरी म्हणाला दंड बसेल. खरं का? (ता. वणी)

खरं आहे. २०२२ मध्ये राज्याच्या दुकानांच्या कायद्यात बदल झाला, पाटी मराठीत देवनागरीतच पाहिजे, दुसऱ्या लिपीत नाव लिहिता येतं पण मराठी त्याच्यापेक्षा लहान नको. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही तो आता लागू आहे, म्हणजे तुमच्यासारख्या दोन पोरांच्या गॅरेजलाही.

पण कायदा सोडा, धंद्याचं बोला. रोडवरून साठच्या स्पीडनं गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. ज्याची गाडी आवाज करून राहिली तो तुमचा बोर्ड दोन सेकंद पाहणार. बोर्डवाल्यांचा जुना अंदाज आहे की दहा फुटाला एक इंच अक्षर आरामात वाचता येतं. शंभर फुटावरून वाचायचं तर दहा इंच उंच पाहिजे. तुमचं मराठी किती इंचाचं आहे ते मोजा. आणि 'गॅरेज' हा शब्द मराठीत, जाडा, तिरपा, पिवळ्यावर काळा. मराठी नाव त्याच्या निम्म्यानं असलं तरी चालेल, आणि इंग्रजी नाव त्या मराठी नावाहून मोठं ठेवू नका. तुम्हाला शोधत कोणी येत नाही भाऊ, गॅरेज शोधत येतात.

मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. जुना जाडा फॉन्ट कृतिदेवचा आहे. इटालिक केलं की 'शेतकऱ्यांसाठी' मधला 'ऱ्या' बिघडतो, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तर अगडमबगडम दिसते. (ता. चिमूर)

कृतिदेव हा युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट. त्यात मराठी अक्षर खरं नसतंच, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेलं असतं, म्हणून समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आणि मुळात तो हिंदी टाईपरायटरच्या हिशोबाचा, आपला 'ऱ्य' त्यात तुकडे जोडून करावा लागतो. सरळ होता तोवर जोड झाकलेला होता, तिरपा केला की उघडा पडला. युनिकोडवर या, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आठवडाभरात हातात बसतो. तोवर त्या एका नोटीसला इटालिक काढून टाका, नोटीस तशीही कोणी पळत वाचत नाही.

पोराच्या लग्नाची पत्रिका. पोट्टा म्हणतो सगळी जाड्या इटालिकमध्ये, मॉडर्न दिसते. मी म्हणतो नको. (ता. दारव्हा)

तुमचं बरोबर आहे दादा, पण पोराचं लग्न आहे, थोडं द्या. 'वर' आणि 'वधू'ची नावं त्याच्या मनासारखी तिरपी करा. बाकी सगळं उभं. विशेषतः निमंत्रकांच्या यादीत मोठ्या मामाचं नाव सरळ आणि सगळ्यात वर, नाहीतर अक्षरापेक्षा मामाच जास्त तिरपे होतील. मुहूर्ताच्या वेळेचा आकडा मोठा ठेवा, ११ चा १७ वाटला तर अक्षता टाकायला कोणी राहणार नाही.